३८ टेबलं, एक पासवर्ड: खानदेशातल्या विहिरींचा डेटा नव्या स्कीमांत नेताना

आमचं काम विहिरींचं आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या निवडक गावांत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाणीपातळी मोजायची, बंधारे आणि शेततळी नकाशावर आणायची, रावेर-यावलकडे केळीच्या बागांच्या हद्दी आखून पाण्याचा हिशेब मांडायचा. ही सगळी माहिती एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, म्हणजे टेबलांत माहिती ठेवणाऱ्या प्रणालीत, साठत गेली. त्यावर नकाशाची माहिती सांभाळणारी पोस्टजीआयएस ही जोड होती, आणि माणसं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून माहिती बघायची, भरायची. टेबलं ३८, माणसं ११. स्कीमा, म्हणजे टेबलं ठेवायचा कप्पा, एकच, पोस्टग्रेस आपोआप देतो तो 'पब्लिक'. अकराही जणांचं लॉगिनही एकच, तेही थेट सुपरयुजरचं, म्हणजे ज्याला कशाचीच मनाई नसते त्याचं. पासवर्ड ऑफिसातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असायचा.

एका मे महिन्यात शहाद्याकडे काम करणाऱ्या सहकाऱ्याने चुकीच्या जागी पडलेला विहिरीचा बिंदू पुसायला घेतला. क्यूजीआयएसमध्ये त्या वेळी निवडलेला लेयर (नकाशाचा थर) विहिरींचा नव्हता, गावांच्या हद्दींचा होता. तळोदा तालुक्यातल्या बऱ्याच गावांच्या हद्दी गेल्या आणि त्याने सेव्हही केलं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून त्या परत आल्या. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मला मात्र स्पष्ट दिसत होतं की चूक त्याची नाही. गावांच्या हद्दी पुसण्याचं काम त्याला कधीच पडणार नव्हतं, तरी ती ताकद आम्ही त्याच्या हातात ठेवली होती.

त्याच आठवड्यात यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने पातळी मोजताना विचारलं, "दादा, माझ्या विहिरीत किती पाणी आहे ते कोणाकोणाला दिसतं?" केळीच्या पट्ट्यात बोअर खोल खोल जात असताना हा प्रश्न साधा नव्हता. विहिरींच्या टेबलात पातळीच्या शेजारीच त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर होता, आणि तो अकराही जणांना दिसत होता. मी खरं तेच सांगितलं. परत येताना ठरवलं की खरिपाची धावपळ सुरू व्हायच्या आत हे बदलायचं.

काय कुठे आहे

आधी मोजदाद. पोस्टजीआयएसमध्ये 'जॉमेट्री कॉलम्स' नावाचा व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी दिसणारी साठवलेली विचारणा, असतो. कोणत्या टेबलात कोणता भौमितिक स्तंभ आहे, बिंदू आहे की बहुभुज, आणि त्याचा एसआरआयडी (निर्देशांक कोणत्या पद्धतीत आहेत ते सांगणारा क्रमांक) काय, हे तो सांगतो. २.० आवृत्तीच्या आधी हे खरंखुरं टेबल होतं आणि काही हलवलं की त्यातली नोंद हाताने बदलावी लागायची. आता तो व्ह्यू असल्यामुळे स्वतःच ताजा राहतो. त्यातून तीन प्रकार निघाले. काही लेयर ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत. काही ३२६४३ मध्ये, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात. आणि काहींचा एसआरआयडी चक्क ०.

शून्यवाल्यांचे आकडे बघितले की ओळख पटते. पूर्वेचा आकडा साडेपाच लाखांच्या आसपास आणि उत्तरेचा २३ लाखांच्या वर असेल तर तो जळगावजवळचा यूटीएममधला बिंदू. अशा वेळी फक्त क्रमांक लावणारं 'एसटी सेट-एसआरआयडी' वापरायचं, कारण आकडे बरोबरच आहेत, फक्त त्यांच्यावर नाव नाही. 'एसटी ट्रान्सफॉर्म' आकडेच बदलतं. एका बंधाऱ्यांच्या लेयरवर मात्र कोणीतरी यूटीएमच्या आकड्यांना ४३२६ चं नाव लावून ठेवलं होतं. त्याला ट्रान्सफॉर्म केलं असतं तर साडेपाच लाख अंश रेखांशावरून रूपांतर मागितल्यासारखं झालं असतं. तिथेही आधी खरं नाव लावणं, एवढंच करायचं होतं.

सगळं ३२६४३ मध्येच ठेवायचं ठरलं, कारण केळीच्या बागांचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये लागतं आणि तिन्ही जिल्हे याच पट्ट्यात बसतात. या पट्ट्याचं मध्य याम्योत्तर, म्हणजे मधलं रेखावृत्त, ७५ अंश पूर्व, ते अमळनेरच्या किंचित पश्चिमेकडून जातं. तिथे यूटीएमचं प्रमाण ०.९९९६ असतं. म्हणजे नकाशावर काढलेलं क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा हेक्टरी साधारण ८ चौरस मीटर कमी भरतं, आणि रावेर किंवा नवापूरकडे सरकावं तसा हा फरक घटतो. आमच्या कामाला हे चालतं. ज्याला चालत नसेल त्याने क्षेत्र पृथ्वीचा गोलावा धरून मोजणाऱ्या 'जिऑग्राफी' प्रकारावर काढावं.

तालुक्यांच्या नावांनीही वेळ खाल्ला. एकाच तालुक्याला कुठे अक्राणी तर कुठे धडगाव, मुक्ताईनगरच्या जुन्या नोंदींत एदलाबाद. जोडणी नावावर सोडली असती तर पुढे परवानग्याही नावांवरच टांगल्या गेल्या असत्या. म्हणून २०११ च्या जनगणनेचे कोड घेतले: नंदुरबार ४९७, धुळे ४९८, जळगाव ४९९, आणि त्याखाली तालुक्यांचे.

हलवाहलव

चार स्कीमा ठरले. 'आधार'मध्ये हद्दी, नद्या, रस्ते. 'पाहणी'मध्ये विहिरी, मोजण्या, बंधारे. 'विश्लेषण'मध्ये हिशेबाची टेबलं. आणि 'खासगी'मध्ये शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर, विहिरीच्या क्रमांकाने जोडलेले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण आमच्यासाठी यावलचा तो प्रश्न पुरेसा होता.

पहिली सूचना अशी आली की बॅकअपची फाइल घ्यावी, तीत जिथे जिथे 'पब्लिक' आहे तिथे नवं नाव घालावं आणि ती पुन्हा चढवावी. चाचणीच्या मशीनवर करून पाहिलं. पहिल्याच टेबलाला फाइल अडली, कारण भौमितिक स्तंभाचा प्रकारही 'पब्लिक'च्या नावानिशीच लिहिलेला असतो. तो प्रकार पोस्टजीआयएसचा, आणि पोस्टजीआयएस 'पब्लिक'मध्येच बसवलेलं. मग पोस्टजीआयएसच हलवायचं का? २.३ आवृत्तीपासून ही जोड (एक्स्टेंशन) साध्या कमांडने दुसऱ्या स्कीमात जात नाही. आडवाटा आहेत, पण त्यांची गरज नव्हती. आम्ही उलटा विचार केला: 'पब्लिक' पोस्टजीआयएसला राहू द्यायचा आणि आपली टेबलं तिथून बाहेर काढायची.

त्यासाठी 'ऑल्टर टेबल, सेट स्कीमा' एवढी एक ओळ पुरते. डेटा जागचा हलत नाही, फक्त डेटाबेसच्या नोंदवहीतला पत्ता बदलतो. म्हणून लाखो बिंदूंचं टेबलही क्षणात जातं. त्याचे इंडेक्स, निर्बंध, ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारं काम) आणि स्तंभाच्या मालकीच्या सीक्वेन्स (ओळींना क्रमांक देणारी मोजणी) सोबत जातात. पोस्टग्रेसमध्ये अशा कमांडही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, त्यामुळे ३८ ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या. गेली तर सगळी जातील, अडली तर सगळी जागेवर राहतील.

संगणकावरच्या कामापेक्षा त्याआधीची माणसांची जुळवाजुळव मोठी होती. पाहणीवाले फोनवर क्यूफील्ड या ॲपमध्ये ऑफलाइन नोंदी करतात आणि सिंक करताना त्या नोंदी मूळ लेयरच्या पत्त्यावर जातात. पत्ता बदलल्यावर जुन्या नोंदी असलेला फोन सिंकला आला असता तर त्या कुठेच बसल्या नसत्या. म्हणून सगळे फोन रिकामे होईपर्यंत थांबलो. धडगावच्या वरच्या पाड्यांतल्या सहकाऱ्याला नेटवर्कमध्ये यायला दोन दिवस जास्त लागले. तेवढे दिवस थांबलो, आणि तेच योग्य होतं.

रात्री दहाला सुरुवात केली. टेबल हलवताना त्यावर पूर्ण कुलूप लागतं. दुसरं कोणी अर्धवट ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलं असेल तर कमांड वाट बघत राहते, आणि तिच्या मागे बाकीच्यांची रांग लागते. म्हणून कुलपाची वाट पाच सेकंदच बघायची, अशी मर्यादा घातली होती. पहिल्या वेळी तसंच झालं: धुळ्याच्या ऑफिसातल्या एका संगणकावर क्यूजीआयएस संपादनाच्या अवस्थेत उघडं राहिलं होतं. सगळं आपोआप मागे फिरलं. फोन केला, ते बंद करवलं, पुन्हा चालवलं. दुसऱ्या वेळी काही सेकंदांत टेबलं नव्या घरी होती.

मोडलं ते एका फंक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. व्ह्यूंना काही होत नाही, कारण ते टेबल नावाने नव्हे तर आतल्या क्रमांकाने लक्षात ठेवतात. फंक्शनचा मजकूर मात्र साधी अक्षरं असतो. विहीर नोंदवली की ती कोणत्या गावात पडते ते हद्दींवरून शोधून तालुक्याचा कोड भरणारं आमचं ट्रिगर फंक्शन जुन्याच पत्त्यावर हद्दी शोधत होतं. नवी विहीर घालताच 'असं टेबल नाही'. चाचणीत आम्ही फक्त वाचून पाहिलं होतं, भरून पाहिलं नव्हतं.

दाराला हात कोणाचा

परवानग्यांच्या बैठकीत रोल, ग्रँट, सदस्यत्व असे शब्द फिरत होते आणि कोणालाच काही दिसत नव्हतं. साक्रीकडचे आमचे ज्येष्ठ सहकारी अप्पा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "पांझरेवर फड कसा चालतो ते बघा ना. जमीन ज्याची त्याची, पाणी सगळ्यांचं. पण दार कोणी शेतकरी उघडत नाही, पाटकरी उघडतो. उद्या पाटकरी बदलला तरी दार तेच आणि काम तेच." फड ही खानदेशातली सामूहिक सिंचनाची पद्धत. तीत पाटकरी हे पद आहे, आज हा माणूस तर उद्या तो.

पोस्टग्रेसमधला लॉगिन नसलेला रोल (अधिकार धरणारी भूमिका) नेमका असाच असतो. म्हणून मालकीच्या रोलचं नाव आम्ही 'पाटकरी' ठेवलं. ३८ टेबलं त्याच्या मालकीची, त्याला पासवर्डच नाही. रचना बदलण्याची वेळ आली की दोघंच जण तात्पुरते त्या भूमिकेत जातात. त्याखाली 'वाचक', 'पाहणीकार' आणि 'विश्लेषक' हे तीन गट, तेही लॉगिन नसलेले. प्रत्येक माणसाला स्वतःचं लॉगिन, आणि तो माणूस एखाद्या गटाचा सदस्य. माणूस सोडून गेला की सदस्यत्व काढायचं, ३८ टेबलांना हात लावायचा नाही.

स्कीमाची परवानगी आणि टेबलाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे नीट कळलं पाहिजे. स्कीमावरचं 'युसेज' म्हणजे वाड्यात शिरायची परवानगी. टेबलावरचं 'सिलेक्ट' (वाचणं) किंवा 'डिलीट' (पुसणं) म्हणजे आतल्या खोलीत काय करायचं याची. दोन्ही लागतात. टेबल नव्या स्कीमात जातं तेव्हा त्याच्या खोलीची परवानगी त्याच्यासोबत जाते, वाड्याची जात नाही.

हे वाक्य मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो चाचणीच्या दिवशी. 'वाचक' गटाला 'आधार' स्कीमाचं युसेज आणि हद्दींवर फक्त सिलेक्ट दिलं होतं. मग ट्रान्झॅक्शन उघडून वाचकाच्या भूमिकेत गेलो आणि गावांच्या हद्दींवर डिलीट चालवून पाहिलं. नकार यायला हवा होता. ओळी पुसल्या गेल्या. ट्रान्झॅक्शन मागे फिरवलं, पण मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

कारण असं निघालं की काही वर्षांपूर्वी कोणीतरी, काम अडलं म्हणून, त्या टेबलावरचे सगळे अधिकार 'पब्लिक'ला दिले होते. हा 'पब्लिक' स्कीमा नव्हे. डेटाबेसमधला प्रत्येक युजर, आजचा आणि उद्याचा, असा त्याचा अर्थ. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ नवख्याला हमखास फसवतात. सगळे सुपरयुजर होते तोवर त्या जुन्या परवानगीला काही अर्थ नव्हता. टेबल हललं, परवानगी त्याच्यासोबत आली, आणि नव्या स्कीमाचं दार बंद असेपर्यंत ती निजून राहिली. आम्ही वाचकांना दार उघडलं आणि ती जागी झाली. ज्या टेबलामुळे हे सगळं सुरू झालं होतं, ते आता ११ जणांना पुन्हा पुसता आलं असतं.

मग प्रत्येक टेबलावरचे जुने अधिकार आधी काढून घेतले आणि कोऱ्या पाटीवर नवे दिले. त्याच वेळी 'पब्लिक' स्कीमात टेबल तयार करायचा सर्वांचा अधिकारही काढला. पोस्टग्रेसच्या १५ व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसमध्ये तो मुळातच नसतो, पण आम्ही १४ वर होतो. आणि तेव्हापासून आमची चाचणी 'जे करता यायला हवं ते होतं का' इथे थांबत नाही. प्रत्येक भूमिकेत जाऊन जे करता येऊ नये तेही करून बघतो.

पाहणीकारांना विहिरींच्या टेबलावर इन्सर्ट (नवी नोंद घालणं) दिलं तरी नोंद जाईना, कारण क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सची परवानगी वेगळी द्यावी लागते. ते पाच मिनिटांत सुटलं. पुढच्या आठवड्यातलं जास्त अवघड होतं. विश्लेषकाने नवं टेबल आणलं आणि ते बाकी कोणालाच दिसेना. 'इथून पुढे बनणाऱ्या टेबलांना वाचकांची परवानगी आपोआप' असा नियम आम्ही लावला होता, पण तो फक्त पाटकरी या रोलने बनवलेल्या टेबलांना लागू होता. तो नियम स्कीमात बनणाऱ्या प्रत्येक टेबलाला लागत नाही, ज्या रोलच्या नावे लावला त्यानेच बनवलेल्या टेबलांना लागतो. विश्लेषकांच्या लॉगिनसाठी तो वेगळा लावला.

कोणी कोणत्या विहिरी बदलायच्या, हे ओळींच्या पातळीवर बांधलं: नंदुरबारच्या पाहणीकाराला ४९७ च्याच ओळी. टेबलाच्या मालकाला हा निर्बंध लागत नाही, म्हणून तो पाटकरी किंवा सुपरयुजर होऊन तपासून उपयोग नसतो. नियम चालला, आणि शिरपूर-चोपडा सीमेवर अडला. चोपड्याचा पाहणीकार अनेरच्या काठी विहिरीपाशी उभा, फोनच्या जीपीएसने बिंदू काही मीटर पलीकडे टाकला, ट्रिगरने हद्द बघून धुळ्याचा कोड भरला, आणि त्यानंतर तपासल्या जाणाऱ्या नियमाने नोंद नाकारली. ऑफलाइन असल्यामुळे हे कळलं चार दिवसांनी, सिंकच्या वेळी. विहिरीला जिल्ह्याची रेघ कळत नाही. नियम जिल्ह्यावरून काढला आणि 'कोणाला कोणते तालुके' असं छोटं टेबल केलं. त्यात सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडचे तालुके दिले. ते टेबल वाचायची परवानगी पाहणीकारांना द्यावी लागते, कारण नियमातली विचारणा त्यांच्याच अधिकाराने चालते.

जुने पत्ते

सर्व्हरवर सगळं नीट झालं तरी माणसांच्या फाइलींत जुना पत्ता होता. क्यूजीआयएसचं प्रोजेक्ट प्रत्येक लेयरचा स्कीमा आणि टेबल लिहून ठेवतं, आणि पासवर्ड तिथेच सेव्ह केला असेल तर तोही उघड्या अक्षरांत. महत्त्वाची प्रोजेक्टं आम्ही दुरुस्त केली आणि लॉगिन क्यूजीआयएसच्या मास्टर पासवर्डखालच्या कोठीत हलवलं. रंगसंगती डेटाबेसमध्येच 'लेयर स्टाइल्स' टेबलात होत्या. तिथेही स्कीमाचं नाव वेगळ्या स्तंभात असतं, ते बदलेपर्यंत सगळ्या विहिरी कोणत्या तरी भलत्याच रंगात दिसत होत्या.

बाकीच्यांसाठी 'पब्लिक'मध्ये जुन्या नावांचे व्ह्यू ठेवले. ते फक्त वाचण्यापुरते, कारण व्ह्यू त्याच्या मालकाच्या अधिकाराने टेबलात शिरतो. त्यावर संपादन दिलं असतं तर वर सांगितलेले सगळे नियम मागच्या दाराने ओलांडले गेले असते. विहिरींच्या जुन्या व्ह्यूत नाव आणि मोबाइल ठेवलाच नाही.

दिवाळीनंतर ते व्ह्यू काढायचे होते. एकदम न काढता आधी एकेकाची परवानगी काढून घेतली, कारण ती एका ओळीत परत देता येते. तिसऱ्या दिवशी शिंदखेड्याहून फोन आला, "भाऊ, आते मना नकाशा उघडस नही." पेनड्राइव्हवरची जुनी प्रत होती. ती दुरुस्त केली आणि मग व्ह्यू कायमचे काढले.

मधल्या काळात चाचणीच्या मशीनवर बॅकअप चढवून पाहिला. टेबलं आली, हद्दी आल्या, पण ओळीओळीला 'पाटकरी नावाचा रोल नाही', 'वाचक नावाचा रोल नाही'. एका डेटाबेसच्या बॅकअपमध्ये रोल येत नाहीत, ते सगळ्या सर्व्हरचे असतात आणि वेगळे काढावे लागतात. सगळे एकाच सुपरयुजरने काम करत होते तेव्हा हे कधी जाणवलंच नव्हतं. आता रात्री दोन फाइली निघतात, एक डेटाची आणि एक रोलांची. महिन्यातून एकदा अप्पा दोन्ही त्या मशीनवर चढवतात, वाचक होऊन हद्द पुसायचा प्रयत्न करतात, आणि तळोदा तालुक्यातली गावं मोजून आकडा वहीत लिहितात.